लॅडलवरची खूण

रविवारी सकाळी सात वाजता शांतवन आवळे कसबा बावड्यात यायचा. भिंतीला सायकल लावायचा. ओसरीवर कृष्णात खुर्चीत बसलेला असायचा, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून. शांतवन त्याची दाढी करायचा.

कृष्णातच्या चेहऱ्याची उजवी बाजू भाजलेली आहे. तिथं केस उगवत नाहीत. डाव्या गालावर आणि हनुवटीवर उगवतात, पण मधली कातडी ओढल्यासारखी, चुण्या पडलेली. त्या चुण्यांतून ब्लेड फिरवणं अवघड. कृष्णातच्या बायकोचा, स्वप्नालीवहिनींचा, हात थरथरायचा. न्हाव्यानं एकदा करून बघितली आणि पुन्हा आला नाही. शांतवनला जमायचं. तो एका हातानं कातडी ताणून धरायचा आणि दुसऱ्या हातानं हळूहळू उतरत यायचा. कृष्णातला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. त्यामुळे ब्लेड कुठं आहे हे शांतवन त्याला सांगत राहायचा. आता कानाजवळ. आता खाली.

दाढी झाली की शांतवन सायकलवरून शहरात चर्चला जायचा. सात वर्षांत त्याचा एक रविवार चुकला नाही, असं गल्लीत सगळे सांगायचे. माझी आई म्हणायची, सख्खा भाऊ करत नाही एवढं तो ख्रिस्ती माणूस करतो.

मला कृष्णातकडं शांतवननंच नेलं. मी मराठीत एम.ए. केलं होतं आणि घरी बसले होते. आमचं घर कृष्णातच्या गल्लीतच, चार दारं सोडून. एकदा त्यानं मला रस्त्यात थांबवलं. म्हणाला, एवढी शिकलीस, तर दुपारी तासभर माझ्या दोस्ताला पेपर वाचून दाखव. मी हो म्हटलं. दीड वर्ष वाचला. आधी क्रीडा पान, मग बाकीचं. कोल्हापुरातल्या फुटबॉलचं कृष्णातला वेड आहे. कुठल्या तालमीचा संघ कुठल्या संघाशी बरोबरीत सुटला हे त्याला बातमीआधीच माहीत असायचं, तरी वाचून घ्यायचा.

मोसमात शांतवन त्याला स्टेडियमवर घेऊन जायचा. शेजारी बसून सामना सांगायचा. शांतवनला फुटबॉलमधलं काही कळत नाही. एकदा मीही गेले होते. तो सांगत होता, "पिवळ्याकडनं निळ्याकडं गेला. निळ्याकडनं पिवळ्याकडं. आता एकजण पडलाय."

"कोण पडलाय?"

"केस वाढवलेला."

"लेका, अकरातल्या नऊजणांनी केस वाढवल्यात," कृष्णात म्हणाला. मागची माणसं हसली. मग मागच्याच एका माणसानं पुढे वाकून उरलेला सामना नीट सांगितला. शांतवन गप्प बसून शेंगा सोलत होता आणि कृष्णातच्या हातात देत होता.

मला वाटायचं, या माणसावर एकदा लिहावं. मी वहीत थोडं लिहिलंही होतं. त्यात चांगुलपणा हा शब्द तीनदा आला होता. ती पानं मी नंतर फाडली.

दोघं शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत होते. कृष्णात पोरिंगला, म्हणजे लोखंड ओतायला, शांतवन अस्तराच्या कामाला. हे काम मला त्यांनीच समजावून सांगितलं. भट्टीतून वितळलेलं लोखंड जिच्यात घेतात ती मोठी लोखंडी बादली, तिला लॅडल म्हणतात. ती वितळू नये म्हणून आतून खास मातीचं अस्तर लावतात. अस्तर ओलं असतं. गॅसची ज्योत आत सोडून ते तासन्‌तास वाळवावं लागतं. वरून कोरडं दिसतं, तळाशी ओल राहते. ओल्या अस्तरावर तापलेलं लोखंड पडलं तर त्या ओलीची क्षणात वाफ होते आणि लोखंड उसळून बाहेर येतं.

म्हणून खूण असते. लॅडल पूर्ण वाळली की अस्तरवाला तिच्या अंगावर खडूनं दोन रेघा मारतो. रेघा दिसल्याशिवाय पोरिंगवाल्यानं लॅडल उचलायची नाही. रेघा दिसल्या की उचलायची. विचारत बसायचं नाही. एकाच्या खडूवर दुसऱ्याचा जीव असतो.

सात वर्षांपूर्वीच्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी दोन वाजता कृष्णातनं उचललेली लॅडल ओली निघाली. लोखंड उसळलं. तो वाचला. चेहरा आणि हात भाजले, डोळे गेले.

शांतवन तेव्हा चर्चमध्ये होता. येशूला क्रुसावर दिलं त्या दिवसाची उपासना दुपारी बारा ते तीन चालते. त्यासाठी तो साडेअकराला सुट्टी घेऊन गेला होता. लोकांनी लॅडलवर वाळू टाकली, थंड झाल्यावर पाणी मारलं. नंतर तिच्या अंगावर काहीच शिल्लक नव्हतं. चौकशी झाली. खूण होती का, हे दुसऱ्या कुणी बघितलं नव्हतं. शांतवननं सांगितलं, ती लॅडल अजून वाळायची होती, मी खूण केली नव्हती. कागदावर निष्कर्ष आला, कामगाराचा निष्काळजीपणा. खूण नसलेली लॅडल त्यानं उचलली.

हे एवढं बावड्यात सगळ्यांना माहीत होतं. कृष्णातची चूक होती. बिचारा, पण चूक त्याची.

कृष्णात पहिली दोन वर्षं भांडायचा, असं वहिनी सांगतात. रेघा होत्या म्हणायचा. आलेल्या-गेलेल्याला सांगायचा. दोन पांढऱ्या रेघा, एक जरा वाकडी. ते त्याचं शेवटचं बघितलेलं. मग लोक मान हलवायचे. त्याला मान हललेली दिसायची नाही, पण गप्प झालेलं कळायचं. शेवटी वहिनी एकदा चिडून म्हणाल्या, आता पुरे करा, नव्हत्या रेघा, किती दिवस तेच. त्या दिवसापासून तो थांबला.

मला त्यानं एकदाच विचारलं. पेपर वाचून झाला होता. "अक्षता, माणसाला एखादी गोष्ट दिसली असं वाटतं आणि ती तिथं नसतीच. असं हुतं का गं?"

मी पुस्तकातलं काहीतरी सांगितलं. स्मृती आपल्याला फसवते, वगैरे. मला ते उत्तर आता आठवलं की लाज वाटते.

शांतवनबरोबर मी एकदा चर्चला गेले. आमच्या घरी देव नाही, बुद्धवंदना होते. मला बघायचं होतं. पेटी होती, तबला होता, गाणी मराठी आणि ओळखीच्या चालीतली. त्या रविवारी प्रभुभोजन होतं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. आधी भाकरीचे बारीक तुकडे एका थाळीतून फिरले. मग काचेच्या इवल्याशा पेल्यांतून द्राक्षांचा रस. शांतवन शेवटच्या बाकावर बसला होता, शेजारी त्याची आई बनाबाई. थाळी आली. बनाबाईंनी तुकडा उचलला. शांतवननं थाळी दोन्ही हातांनी घेतली आणि तशीच पुढे दिली. काहीच उचललं नाही.

बाहेर आल्यावर मी बनाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सात वर्षं झाली, घेत नाही. दोस्ताचे डोळे गेले तेव्हापासून. त्यानं काहीतरी व्रत धरलं असणार, मी विचारत नाही. मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, लोकही असंच समजत. त्यांच्या पाद्रींनी, म्हणजे पाळकसाहेबांनी, एकदा प्रवचनात नाव न घेता त्याचं उदाहरण दिलं होतं म्हणे. त्या दिवशी शांतवन प्रवचनातून उठून बाहेर गेला होता. तेही लोकांनी नम्रतेत धरलं.

यंदा फेब्रुवारीत साखर कारखान्याचा हंगाम जोरात होता. गल्लीभर मळीचा वास. रविवारची दाढी चालली होती. मी पेपर घेऊन लवकर आले होते, कारण शनिवारी अंतिम सामना झाला होता. वहिनी आत भाकरी थापत होत्या. कृष्णात त्या दिवशी सामन्याबद्दल काही बोलला नाही. शांतवननं रेझर पुसलं तेव्हा त्यानं शांतवनचं मनगट धरलं.

"तुझ्या देवाकडं माफी असती म्हणतोस."

"व्हय."

"माझ्यासाठी माग की."

कृष्णातनं मनगट सोडलं नाही.

कृष्णात हळू बोलत होता, आत ऐकू जाऊ नये म्हणून. तो म्हणाला, हिचं वय सव्वीस होतं तेव्हा. दुधाच्या डेअरीत जाती, घर बघती, मला बघती. मी नीट बघितलं असतं तर हे झालं नसतं. मी एक मिनिट थांबलो असतो. ती कधी बोलून दाखवत नाही. म्हणून जास्त लागतं. देवळात जाऊन आलो, काही हलकं झालं नाही. तुझा देव चुकांचीच माफी देतो ना, मग मी माझी चूक कबूल करतो. तू सांग त्याला. मला तसली प्रार्थना येत नाही.

मग त्यानं हात जोडले आणि मान खाली घातली. गालावर साबण तसाच होता.

शांतवन त्याच्यासमोर उभा होता. त्यानं डोळे मिटले. "हे बापा," म्हणाला. पुढे काही आलं नाही. पुन्हा "हे बापा" म्हणाला. त्याचा चेहरा मी बघितला आणि मला वाटलं याला झटका येतोय. त्यानं रेझर खाली ठेवलं. सायकल न घेताच गल्लीतून चालत गेला.

कृष्णात हात जोडून बसलेलाच होता. थोड्या वेळानं म्हणाला, "झाली का?"

मी उरलेला साबण टॉवेलानं पुसला. झाली, म्हटलं.

पुढचे दोन रविवार शांतवन आला नाही. सात वर्षांत पहिल्यांदा. कृष्णातची दाढी वाढली. तो म्हणाला, मी त्याला कोड्यात टाकलं, माझ्यासारख्याची माफी त्याच्या देवालाही जड गेली असेल. हे तो थट्टेनं म्हणाला, पण थट्टेसारखं वाटलं नाही.

मी सायकल परत द्यायला म्हणून शांतवनच्या घरी गेले. विक्रमनगरात दोन खोल्या. बनाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "आलीस, बरं झालं. घासभर खाईना. मी म्हटलं, बाबा, उपास करायचा तर उत्तम शुक्रवाराआधीच्या चाळीस दिवसांचा हिशेब तरी धर, हे काय मध्येच."

शांतवन आत कॉटवर बसला होता. त्यानं मला बस म्हटलं नाही. सरळ सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत होता.

त्या शुक्रवारी लॅडल अजून ओली होती. साडेअकरा वाजले होते. बाराला उपासना. तो दरवर्षी पहिलं गाणं म्हणायचा, पेटीवाला त्याच्यासाठी थांबायचा. ज्योत लावलेली होती, अजून दोन तास लागणार होते. रेघा मारल्याशिवाय गेला असता तर दुसऱ्या पाळीचं काम अडलं असतं आणि पुढच्या वर्षी सुट्टी मिळाली नसती. दोन वाजेपर्यंत आपोआप वाळेल म्हणून त्यानं आधीच रेघा मारल्या. घाईत एक वाकडी गेली. तो गेल्यावर गॅसची टाकी संपली. ज्योत विझली. कुणाचं लक्ष नव्हतं. खूण झालेल्या लॅडलकडं कोण बघतो?

"मी गाणं म्हणत हुतो," तो म्हणाला. "तो भाजत हुता तवा मी गाणं म्हणत हुतो."

खूण केली होती का, असं चौकशीत साहेबानं विचारलं तेव्हा तोंडातून "नाही" आलं. एकदा नाही म्हटल्यावर ते नाहीच राहिलं. त्याला वाटलं, आयुष्यभर त्याची सेवा करीन, फिटेल. रविवारी दाढी करताना कृष्णात विश्वासानं मान मागे टाकायचा. गळ्यावर ब्लेड असायचं. तेव्हा दर वेळी त्याला वाटायचं, आता सांगावं. मग दाढी संपायची.

  मला त्या खोलीतून पळून जायचं होतं. दीड वर्ष मी या माणसाला संत समजत होते.

तो पाळकसाहेबांकडं जाऊन आला होता. सगळं सांगितलं होतं. त्याला वाटलं ते मंडळीतून काढतील. त्यांनी काढलं नाही. त्यांनी दिलासाही दिला नाही. त्यांच्या मंडळीत जुनी रीत आहे. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी तयारीची सभा असते. ज्याचं कुणाशी काही अडलेलं असेल त्यानं त्या सभेआधी त्या माणसाच्या दारात जाऊन यायचं. मग भोजनाला बसायचं. बायका भांड्यांवरून झालेली भांडणं अशी मिटवतात. भाऊ बांधाचे वाद मिटवतात. पाळकसाहेब म्हणाले, शनिवार येतोय.

शांतवननं त्यांना विचारलं होतं, त्यानं माफ केलं नाही तर? पाळकसाहेब म्हणाले, माफी आणायला जायचं नाही. खरं द्यायला जायचं. दार उघडणं त्याच्या हातात, जाणं तुझ्या.

"देवानं मला कधीच माफ केलं असंल," शांतवन मला म्हणाला. "ते घ्यायला हात मोकळा नव्हता. हातात ही खोटी गोष्ट धरलीया." मग म्हणाला, शनिवारी तू तिथं असशील का? मी बोलायला लागलो आणि थांबलो, तर तू सांग.

मी जाणार नव्हते. गेले.

शनिवारी दुपारी चार वाजता तो आला. नेहमीचा पांढरा शर्ट. ओसरीवर चढला नाही, खालीच उभा राहिला. वहिनी डेअरीतून नुकत्याच आल्या होत्या. म्हणाल्या, या की, दोन आठवडे कुठं होता, यांचं बघा कसं रान झालंय तोंडाचं. तो म्हणाला, वहिनी, तुम्ही पण बसा.

त्यानं फार शब्द वापरले नाहीत.

"कृष्णात, लॅडलवर खूण हुती. मी केलती. ओली असताना केलती. चर्चला जायची घाई हुती. चौकशीत खोटं बोललो. तू बघितलंस ते खरं हाय. दोन रेघा. एक वाकडी."

वहिनींच्या हातातली पिशवी तशीच हातात राहिली. मी कृष्णातकडे बघत होते. मला वाटलं तो ओरडेल. खुर्चीवरून उठेल. त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच हललं नाही. मग भाजलेली बाजू हलायला लागली.

"हुत्या?" तो म्हणाला.

"हुत्या."

"एक वाकडी?"

"डावीकडची."

कृष्णातनं मोठा श्वास सोडला. कुणीतरी खांद्यावरून पोतं उतरवावं तसा तो खुर्चीत सैल पडला. "म्हंजे मी बघितलं हुतं," तो म्हणाला. "स्वप्नाली, मी बघितलं हुतं. मी थांबलो हुतो. मी नीट बघितलं हुतं." तो रडत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत नाही, ती वाट बंद झाली आहे. फक्त छाती हलत होती.

राग वहिनींना आला. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि शांतवनच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. "सात वर्षं ह्यो माणूस स्वतःला खात बसलाय. मी सुद्धा त्याला खोटं पाडलं. तुमच्यामुळं मी माझ्या नवऱ्याला खोटं पाडलं. आणि तुम्ही दर रविवारी येऊन दाढी करत हुता?"

"व्हय."

"जावा."

तो वळला. कृष्णात म्हणाला, "शांतवन." तो थांबला.  मग कृष्णातनं हात हलवून जा म्हटलं. तो गेला.

त्या संध्याकाळी तो तयारीच्या सभेला गेला आणि सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. बनाबाईंना ते तिथं कळलं. दुसऱ्या दिवशी रविवारी थाळी आली तेव्हा त्यानं ती पुन्हा तशीच पुढे दिली. पाळकसाहेबांनी नंतर विचारलं, आता का नाही घेतलं? तो म्हणाला, दारात जाऊन आलो. पण त्याच्या नावावरचा डाग अजून कागदावर आहे. तो मी लावलाय.

सोमवारी त्यानं मला पत्र लिहायला बसवलं. मी सुरुवातीला लिहिलं, जड अंतःकरणानं कळवतो. तो म्हणाला, ते काढ. मी लिहिलं, अनवधानानं. तो म्हणाला, तेही काढ. मुद्दाम केलं होतं. शेवटी सहा ओळी राहिल्या. एवढं चांगलं मी कधी लिहिलेलं नाही आणि त्यातलं माझं काहीच नव्हतं.

कंपनीनं पत्र घेतलं नाही. जुनं प्रकरण, कशाला उकरतोस, असं साहेब म्हणाले. तुझी नोकरी जाईल, वर पोलिसांचं झंझट. तो तीन दिवस ऑफिसच्या बाहेर उभा राहिला. शिफ्ट करायचा आणि मग उभा राहायचा. चौथ्या दिवशी त्यांनी शिक्का मारून पत्र घेतलं आणि त्याला कामावरून कमी केलं. पोलिसांनी दोनदा बोलावलं. त्यानं तेच सहा ओळींतलं सांगितलं. पुढं काय होईल ते अजून ठरायचं आहे.

मी त्याला विचारलं, भीती वाटते का. मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा उतरवण्याचं काम त्याला मिळालं होतं. वाळलेला दिसत होता. म्हणाला, वाटते. पण पूर्वी प्रार्थनेला बसलो की शब्द घशात अडकायचे. आता निघतात. रोज पहाटे उठून बसतो. मागायला काही नसतं. नुसता बसतो आणि कुणीतरी समोर आहे असं वाटतं. सात वर्षं तिथं पाठ करून बसलो होतो.

ते बोलताना त्याच्या आवाजात काही मोठेपणा नव्हता. जेवलो, असं सांगावं तसं त्यानं सांगितलं.

या दिवसांत मी कृष्णातकडं रोज जात होते. तो बदलला होता. सांगणं अवघड आहे. ताठ बसायचा. आलेल्या माणसाला पुन्हा ती गोष्ट सांगायचा, पण आता भांडल्यासारखी नाही. शांतवनचं नाव घ्यायचा नाही. वहिनी दाढी करायला लागल्या. दोनदा कापलं. तिसऱ्या वेळी जमलं. दाढी करताना एकदा त्या थांबल्या आणि म्हणाल्या, मी तुम्हाला खोटं पाडलं. तो म्हणाला, "तुला काय म्हाईत? तू कर, साबण वाळतोय."

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी कंपनीचं पत्र आलं. वहिनींनी ते माझ्याकडे दिलं. मी वाचायला घेतलं तर कृष्णात म्हणाला, थांब. तू नको. त्याला बोलाव.

वहिनी आत निघून गेल्या. मी फोन केला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, सकाळचे आठ. शांतवन आला. ओसरीच्या खाली उभा राहिला. कृष्णात म्हणाला, "वर ये. वाच."

शांतवननं वाचलं. दोनच वाक्यं होती. अपघाताच्या नोंदीतून कामगाराचा निष्काळजीपणा हा शेरा काढून टाकण्यात येत आहे. सदर लॅडल अस्तर विभागानं तपासून, खूण करून दिलेली होती.

"आणि एकदा."

त्यानं पुन्हा वाचलं. कृष्णातनं कागद मागून घेतला. त्यावरून बोटं फिरवली, जणू अक्षरं हाताला लागतील. मग घडी करून खिशात ठेवला.

 वहिनी चहा घेऊन आल्या. तीन कप. कृष्णातला दिला, मला दिला. तिसरा कप शांतवनच्या समोर खाली ठेवला, हातात दिला नाही. आणि आत गेल्या. शांतवन तो उचलून प्यायला.

"माफ केलं असं मी म्हणणार न्हाय," कृष्णात म्हणाला. "माझं मलाच अजून कळंना. काही दिवस वाटतं तुला हाणावं. काही दिवस वाटतं तू यावंस. तू एवढ्या दिवसांत एक शब्द तरी आधी..." तो थांबला. "पण आता तू खोटा न्हाईस. हे मला कळतंय."

"व्हय."

"मला सांग, तुझं ते जेवण असतं की देवळात. आई तुझी बोलली हुती मागं स्वप्नालीजवळ. तू खात न्हाईस म्हणून."

"आज हाय."

"मग हितं काय करतोयस? जा. माझ्यापायी अडू नगो. मी अडवलेलं न्हाय."

शांतवन उठला. त्यानं कृष्णातच्या खांद्याला हात लावला नाही. वाकला फक्त, ज्याला ते दिसणार नव्हतं त्या माणसासमोर, आणि सायकलकडे गेला.

मी केएमटीच्या बसनं मागोमाग गेले. का गेले ते मला माहीत नव्हतं. शेवटच्या बाकावर बनाबाईंच्या शेजारी जागा होती. पहिलं गाणं दुसऱ्याच कुणी म्हटलं. उन्हाळा होता, पंखे फिरत होते. लोक शांतवनकडे बघत नव्हते, म्हणजे बघत होते.

थाळी आली. त्यानं डाव्या हातात धरली. उजव्या हातानं तुकडा उचलला.  त्यानं तुकडा तोंडात घातला आणि थाळी पुढे दिली.

आणि तो तसाच बसला. जबडा हलेना. तोंड मिटलेलं, डोळे उघडे, भाकरीचा तो नखाएवढा तुकडा तोंडात धरून. पुढून पेल्यांचा ट्रे येत होता, एकेक बाक मागे. तीन बाक राहिले. दोन राहिले. मला वाटलं तो उठून जाईल.

बनाबाईंनी समोरच बघत त्याच्या मांडीवर हात ठेवला.

"गीळ की लेकरा," त्या हळूच म्हणाल्या. "प्रभूनं दिलंय ते गिळायला कुणाची परवानगी पाहिजे?"

त्यानं गिळलं. त्याच्या गळ्यातून ते खाली जाताना मी बघितलं. मग ट्रे आला, आणि त्यानं पेला घेतला.